तिसऱ्या फेरीतलं नाव

पुण्याच्या कुठल्याशा हॉटेलात कोटातल्या माणसानं
पाकीट फोडलं आणि वाचलं, 'अंबादास चित्याल.'
चिट्याल बे, चिट्याल! इलियास मोबाईलवर ओरडला,
जसं काही कोटाला ऐकू जाणार होतं.
आम्ही सात जण जिमखान्याच्या पायरीवर,
पंख्याचा प्लग काढून तिथं चार्जर लावलेला.
म्हमाणे सर उठले, चपला शोधायला लागले.
चपला पायातच होत्या.

अंब्या तिथं नव्हताच.
अंब्या मामाच्या कारखान्यात, दुसऱ्या पाळीला,
मागांच्या खडखडाटात फोन वाजला काय, न वाजला काय.
तीन गाड्यांवर आम्ही सात,
कन्ना चौकातून अक्कलकोट रोडला, हॉर्न दाबूनच.
त्यानं आमची तोंडं बघितली, कानातला कापूस काढला,
म्हणाला, 'कोण गेलं?'

सहा फूट पाच.
घराचं दार साडेपाच फुटांचं,
म्हणून आठवीपासून वाकायची सवय.
सर चार वर्षं त्याच एका गोष्टीवर ओरडले,
'रिबाउंडला वाकतोस कशाला रे?
तिथं काय छप्पर आहे?'
आणि खरंच नव्हतं. आमचं कोर्ट उघडं, सिमेंटचं,
एप्रिलमध्ये बुटांचा तळ चिकटायचा,
आणि टाकीकडची रिंग एक बोट खाली झुकलेली.
पाहुण्या संघांना ते शेवटपर्यंत कळायचं नाही.
त्या एका बोटावर आम्ही दोनदा विद्यापीठ जिंकलं.

अम्माला रक्कम सांगितली.
ती सुपातल्या विड्या बाजूला सारून
हिशोब करायला बसली, हजार विड्यांचे इतके,
तर इतक्याला किती हजार,
मराठीत सुरू केलं, तेलुगूत शिरली, मध्येच अडकली.
मग म्हणाली, ते राहू दे.
तिकडं जेवायला कोण घालणार?

यादीत माझंही नाव होतं.
इतक्या उशिरा सांगतोय, कारण कुणी विचारलं नाही.
पाच फूट सात. शेवटचं पाकीट फुटेपर्यंत
मी चार्जरची वायर धरून उभा होतो, ती सैल होती.
अंब्याच्या हातात आलेला जवळजवळ प्रत्येक बॉल
आधी माझ्या हातात होता. सरांच्या वहीत
त्यासाठी एक रकाना आहे, बारीक, समासाला लागून.
पाणी सांडून तिथली शाई जरा पसरलीय.

जाताना त्यानं मला बूट दिले, साईज तेरा.
मी म्हटलं, यात काय ज्वारी भरू?
तो म्हणाला, भर की.

मग टीव्हीवर सामने. नऊ सामने अंब्या बाकावर.
पाठीवर इंग्रजीत नाव, तेही चुकीचं,
गळ्यात पांढरा टॉवेल.
अम्मा उठून पडद्याला नाक लावायची,
'आपल्याकडचा नाही हा. काठ बघ. चार धुण्यात सुटंल.'
आम्ही स्कोअर बघत होतो, ती काठ.

दहाव्या सामन्यात, सव्वीस गुण पुढे असताना,
शेवटच्या चाळीस सेकंदांना त्याला उठवलं.
टॉवेल मागं टाकून तो धावला, एकदा इकडं, एकदा तिकडं,
कुणी त्याला बॉल देईना.
मग कुणाचा तरी नेम चुकला, बॉल रिंगवरून उडाला,
आणि अंब्या त्याखाली
वाकला.
म्हमाणे सर खुर्चीतून अर्धे उठले, तसेच थांबले.
वाकूनही बॉल त्यालाच मिळाला.
दोन्ही हातांत घट्ट धरून
त्यानं डावीकडं बघितलं, खाली, छातीच्या उंचीवर,
जिथं चार वर्षं मी असायचो.
तिथं कुणा उंच माणसाचं पोट होतं.
त्या पोटाकडं बघत अंब्या थबकला,
फार नाही, एखादा श्वास,
तेवढ्यात मागून कुणीतरी बॉल काढून नेला.

'गेला बे,' इलियास म्हणाला.
मी काही बोललो नाही. माझे हात
गुडघ्यांवरून उठून पुढं आलेले होते,
ते कुठं ठेवावेत कळेना.
अम्मा पडद्याचे कोपरे शोधत होती,
'टॉवेल कुठं टाकला त्यानं? घामानं सर्दी होईल पोराला.'